क्रुसापुढचा मुका सिनेमा

माझ्या मुलीने सिनेमा काढला आणि त्यात एकही शब्द ठेवला नाही. हे वाक्य मी आता शांतपणे लिहितो आहे, पण सोसलं काही शांतपणे नाही.

मी डेनिस मिस्किटा. अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांच्या मागे, उंच इमारतींच्या बेचक्यात आमचं गावठाण अजून तग धरून आहे, तिथे मला न ओळखणारा माणूस भाडेकरू तरी असतो नाही तर बहिरा. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती; आमच्या लग्नांत नवरा, नवरी आणि बँड यांच्याइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे माइक हातात घेऊन कार्यक्रम चालवणारा. केक कधी कापायचा, नवरीच्या रुसलेल्या मामाला नाचायला कसं ओढायचं, जेवण उशिरा येतंय हे पाहुण्यांना कळू न देता त्यांना कसं हसवत ठेवायचं, हे सगळं त्याच्या जिभेवर असतं. ती जीभ गावठाणात माझी आहे. दिवसा मी एका विमा कंपनीत काम करायचो. तिथे माझं कोणी ऐकत नसे, म्हणून त्या भागाबद्दल मी बोलत नाही.

अशा माणसाच्या पोटी ॲन्ड्रिया जन्मली. ती कमी बोलते. लहानपणी आम्ही तिला डॉक्टरकडेही नेलं होतं. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुलगी ठीक आहे, तिला मध्ये बोलायला जागा मिळत नाहीये. तो डॉक्टर आम्ही बदलला.

ती ॲनिमेशन शिकली आणि वर्षभर खोलीचं दार लावून तिने एकटीने सिनेमा केला. विज्ञानकथा. परग्रह, यान, तीन पायांचा एक छोटा जीव, टेकडीवर एक अवाढव्य भोंगा. संगीतही तिचंच, कॉम्प्युटरवर केलेलं. पेटी नाही, गिटार नाही, गाणारं कोणी नाही. आधी ढुम्, मग पुन्हा ढुम्, मग बराच वेळ काहीतरी घुमत राहतं आणि आता संपलं म्हणेपर्यंत ट्यँव होतं. तिने ते पहिल्यांदा मोठ्याने लावलं तेव्हा शेजारच्या इमारतीतले देवदत्त राजाध्यक्ष बाल्कनीत आले. त्यांची बाल्कनी आमच्या कौलांवर उघडते आणि सल्ले वरून खाली सोपे पडतात.

"मिस्किटा," ते ओरडले, "तुमच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. मघापासून ऐकतोय. आजच्या आज बदलून घ्या, नाही तर मोटर जळेल."

मी त्यांना सांगितलं की ही कला आहे. ते म्हणाले, असेल, पण ग्रीस घालून बघा.

घरी पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा मी जवळजवळ काहीच बोललो नाही. फक्त विचारलं, हा तिपायी कोण? ह्याचे आईवडील कुठे आहेत? हा भोंगा दिवसभर रंगीत बुडबुडे सोडतोय, त्यांचं बिल कोण भरतं? तिपायी यानात बसून निघाला तेव्हा, निरोप न घेता निघाला हे बरं दिसत नाही, एवढं मात्र मी म्हणालो. ॲन्ड्रियाने लॅपटॉप मिटला.

"डॅडी, तू बघतच नाहीस."

"अगं, बघतोय म्हणून तर बोलतोय."

माझी बायको तेरेसा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला उपवास कर सांग, तो करेल. गप बस सांगू नकोस."

नंतर मी तो सिनेमा तीन-चारदा पाहायला बसलो. प्रत्येक वेळी यान उडालं की लॅपटॉप मिटायचा. शेवट काही मला दिसला नाही.

ॲन्ड्रियाला हैदराबादला एका स्टुडिओत नोकरी लागली होती. जाण्याआधी आपल्या माणसांनी हा सिनेमा एकदा बघावा, एवढीच तिची इच्छा. मे महिना चालू होता. मे महिन्यात आमच्या गावठाणात संध्याकाळी क्रुसापुढे लदीन असते. पवित्र मरियेचं एकेक नाव घेत प्रार्थना म्हणायची, प्रत्येक नावापाठोपाठ सगळ्यांनी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. सगळं गावठाण तिथे आयतं जमतं. रविवारी लदीन झाली की लगेच भिंतीला पडदा लावायचा, असं ठरलं.

"पण एक अट आहे," ॲन्ड्रिया म्हणाली. "सिनेमा चालू असताना तू एक शब्द बोलायचा नाहीस. आधी ओळख नाही, मध्ये गंमत नाही. माइक हातात घ्यायचा नाही. मला एकदा, एकदाच, इथे सगळे गप्प बसलेले पाहिजेत. आणि पहिला तू."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. मग त्या वचनाचं महत्त्व तिला थोडं समजावून सांगितलं. ती निघून गेल्यावरही मी थोडा वेळ समजावत होतो.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. फ्लेविया आंटी, म्हणजे गावठाणात लदीन चालवणारी बाई, आवाज असा की देवळाच्या घंटेला रजा द्यावी, ती म्हणाली, "डेनिस, शब्द नाय तर लोकांना समजंल कसा? एखादं भजन तरी घाल मधी." शेर्विन, माझ्या चुलतभावाचा मुलगा, लग्नांना साउंड लावतो. तो म्हणाला, "अंकल, तुमच्या लायनीत असं मुकं काम शोभतं काय? मी शेवटी एक झकास मिक्स लावतो, पब्लिक नाचंल तरी." देवदत्तांनी वरून सुचवलं की निदान खाली अक्षरं फिरवा. कसली अक्षरं, विचारल्यावर म्हणाले, तपशिलाचं नंतर बघता येईल. मी सगळ्यांना ठाम नकार दिला. माझ्या मुलीची कलाकृती आहे, तिला कोणी हात लावायचा नाही, असं मी चौकात उभं राहून बराच वेळ सांगितलं.

आता परवानगी. सार्वजनिक जागी पडदा लावून काही दाखवायचं आणि वर ध्वनिक्षेपक, म्हणजे परवानगी आली. ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव घेत नाही, कधीतरी पुन्हा जावं लागेल. खिडकीमागे श्यामकांत नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझे कागद उलटेपालटे केले.

"संहिता कुठंय?"

"संवाद नाहीत, साहेब."

"नाहीत म्हणजे आणले नाहीत, की लिहिले नाहीत?"

"सिनेमात कोणी बोलतच नाही."

"का? काय झालंय?"

"काही झालं नाही. ते परग्रहावरचे आहेत."

श्यामकांतांनी चष्मा पुसला. "मग त्यांच्या भाषेतले आणा. सोबत मराठी भाषांतर जोडा."

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर 'या चित्रपटात संवाद नाहीत' असं टंकून नेलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे वाक्य कोण म्हणतं?" कोणीच म्हणत नाही, मी म्हणालो. "मग संहितेत कशाला घातलंत?" मी म्हटलं, ठीक आहे, हे घ्या कोरे कागद, हीच संहिता. ते दचकून मागे सरले. कोऱ्या कागदावर शिक्का मारला तर उद्या त्यावर मी काय वाटेल ते लिहीन आणि त्यांची नोकरी जाईल, असं त्यांचं म्हणणं. मागे रांगेतला एक माणूस म्हणाला, काका, काहीतरी खरडून द्या ना, आमची पण कामं आहेत. सगळी रांग माझ्याविरुद्ध झाली. जन्मभर ज्याने भरल्या मांडवाला सांभाळलं त्याला एका रांगेने असं बोलावं, हे मला लागलं.

तेव्हा लक्षात घ्या, मी संवाद लिहिले ते केवळ फायलीसाठी. शासनासाठी. त्यात माझी हौस अजिबात नव्हती. आता लिहायचंच तर नीट लिहावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि तेरेसाने जेवायला वाढण्यासाठी वही उचलायला सांगितली तेव्हा तिपायीचं स्वगत ऐन रंगात आलं होतं. श्यामकांतांच्या कागदावर नावाचीही जागा होती. सिनेमाला नावच नव्हतं, म्हणून मी दिलं. 'अंतराळातील टाहो.'

कथेला खलनायक लागतो. तो टेकडीवरचा भोंगा मला पहिल्यापासून पसंत नव्हता. दिवसभर आपलं तोंड वर करून बुडबुडे ओकतो, आकाश भरून टाकतो, खाली बिचाऱ्या तिपायीला ऊन दिसत नाही. मी त्याचं नाव भोंगासुर ठेवलं. तिपायी त्याला म्हणतो, "हे भोंगासुरा! तुझ्या या अखंड बडबडीने माझी सकाळ झाकोळली रे!" त्यावर भोंगासुर गर्जून म्हणतो, "मूर्खा! माझ्या नादावाचून हा ग्रह फिरणार नाही!" आणि विकट हसतो. अशी बरीच पानं झाली. वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

श्यामकांतांनी प्रत्येक पानावर शिक्का मारला. परवानगीच्या कागदाखाली एक ओळ होती: प्रयोग मंजूर संहितेबरहुकूम व्हावा, फेरबदल आढळल्यास परवानगी रद्द समजावी. अशा ओळी सगळ्याच कागदांखाली असतात म्हणून मी ती सोडून दिली.

एक प्रत जवळ असावी म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि तिथे शेर्विन उभा होता. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि म्हणाला, "अंकल, हे काय कडक लिवलंय! हे फायलीत कुजवायचं?" संध्याकाळपर्यंत पानं फ्लेविया आंटीच्या ओट्यावर पोचली. तिने पृथ्वीमातेचं काम मागितलं. सिनेमात पृथ्वी नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग घाल." शेर्विनने यानाचे आवाज स्वतःकडे घेतले. गल्लीच्या टोकाची दर्शना, भरतनाट्यमचे क्लास घेणारी, तिपायी झाली. पडद्यावर चित्र चालू असताना बाजूला माइकवर उभं राहून सगळ्यांनी बोलायचं, असं परस्पर ठरलं.

मी विरोध केला. पण उच्चार फार वाईट होते. दर्शना 'झाकोळली' म्हणताना अडखळत होती आणि माझं नाव त्या पानांवर होतं. ते दुरुस्त करायला मी जाऊ लागलो. भोंगासुराचं काम कोणालाच झेपेना. त्या आवाजाचा माणूस गावठाणात दुसरा नाही, म्हणून ते साहजिकच माझ्याकडे आलं.

शुक्रवारी तालीम ऐन भरात होती. मी फ्लेविया आंटीच्या ओट्यावर स्टुलावर चढून "मूर्खा! माझ्या नादावाचून हा ग्रह फिरणार नाही!" अशी डरकाळी फोडली, विकट हसलो आणि दारात ॲन्ड्रिया दिसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सरकारने," मी म्हणालो, आणि श्यामकांतांची हकीकत सुरू केली.

"ते नाही. भोंग्याचं काम तू का घेतलंस? कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? माझ्याच आवाजाचं काम आहे ते. बाकी कोणाला जमतंय?"

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, मग हातातली पानं घेऊन उभ्याउभ्या वाचली. भोंगासुराचं विकट हास्य वाचताना तिचे ओठ थरथरत होते, रागाने की कशाने, मला कळलं नाही. "डॅडी, मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं असतात.

त्याच संध्याकाळी मी मंडळी बरखास्त केली. फ्लेविया आंटीने पेटीतून लुगडं काढून ठेवलं होतं, ते तिने माझ्यासमोर परत घडी केलं, अगदी सावकाश. दर्शनाने मला नमस्कार केला नाही. शेर्विन म्हणाला, "पब्लिकची वाट लागली, अंकल." देवदत्त या सगळ्यात कुठेच नव्हते, तरी त्यांनी बाल्कनीतून खेद व्यक्त केला. घरात ॲन्ड्रिया बॅग भरत होती आणि तेरेसाने मला रात्री आदल्या दिवशीचं बोंबलाचं कालवण वाढलं. ती निर्णय असा ताटात देते. मंगळवारी मुलगी हैदराबादला जाणार आणि जाताना माझ्याशी बोलणार नाही, या विचाराने मला तो घास उतरेना. मला खरंच वाईट वाटलं होतं. मी तसं सांगितलंही असतं, पण घरात त्या वेळी कोणी माझं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

"उद्या सिनेमा लावायचा की नाही?" शनिवारी मी दाराबाहेरून विचारलं.

"लावणार," आतून आवाज आला. "आणि तू गप्प बसणार."

रविवारी लदीन झाली, चणे वाटून झाले, सूर्य मावळला. शेर्विनने भिंतीवर पडदा ताणला. मी पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, ओठ मिटून. लोक माझ्याकडे वळून वळून पाहत होते. कोणीतरी तेरेसाला विचारलं की माझी दाढ काढली का.

सिनेमा सुरू झाला. काळं आकाश, करडा ग्रह. ढुम्. मग शांतता. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून फ्लेविया आंटीचा आवाज खणखणीत आला, "आम्हांसाठी विनंती कर!"

सवयच ती. नुकती लदीन संपलेली, अख्खा महिना तोच ठेका. एक आवाज, थोडी जागा, की तोंड आपोआप उघडतं. दुसरा ढुम् झाला. आता सगळ्या म्हाताऱ्या एकदम, "आम्हांसाठी विनंती कर!" तिसऱ्याला पुरुषही मिळाले. ट्यँवलासुद्धा त्यांनी सोडलं नाही.

मला बोलायला बंदी. मी उठलो आणि दोन्ही हात खाली दाबून, थांबा, थांबा, अशी खूण केली. त्यांना वाटलं मी ठेका देतोय. आवाज वाढला. मी हात जोराने हलवले, ते आणखी जोरात म्हणू लागले. मी कपाळावर हात मारला, तर मागच्या दोघांनी क्रुसाची खूण केली. वर बाल्कनीत देवदत्तही हात जोडून उभे राहिले. ॲन्ड्रियाने सिनेमा थांबवला. ती लॅपटॉपवर वाकून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

तोडगा तेरेसाने काढला. तिने चण्यांचं पातेलं परत उचललं आणि रांगारांगांतून फिरून प्रत्येकाच्या हातात मूठभर कोंबले. "खावा," ती दरडावून म्हणाली, "तोंडात ठेवा, नि चावत रावा." चणे जरा कच्चेच राहिले होते. गावठाणाची सगळी तोंडं कामाला लागली.

सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि खरोखर शांतता पसरली. मी सुस्कारा सोडला, तोच माझ्या शेजारची खुर्ची कुरकुरली. हवालदार होते. छातीवर नावाची पट्टी, सीताराम घाग, आणि मांडीवर माझीच संहिता, पानोपान शिक्के मारलेली.

"मंजूर झाल्याप्रमाणे होतंय का बघून या, असं सांगितलंय," ते हळूच म्हणाले. मग पानावर बोट ठेवलं. "पान एक. 'हे भोंगासुरा.' कुठंय?"

मी मान हलवली.

"म्हणजे नाही? मग फेरबदल झाला. बंद करायला लागंल."

सांगा, मी काय करायचं होतं? एकीकडे मुलीला दिलेलं वचन, दुसरीकडे कायदा. मी हवालदारांच्या कानाशी वाकलो आणि शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणालो, "हे भोंगासुरा, तुझ्या या अखंड बडबडीने..." ते बोट सरकवत गेले. "बरोबर," म्हणाले. "पुढचं." मी पुढचं म्हणालो. "इथे 'गर्जून' लिहिलंय." मी गर्जून कुजबुजलो. असं करून पाहा कधी, घशाच्या शिरा तुटतात. विकट हास्य मी हातरुमालात केलं. अशा रीतीने अंधेरी पूर्वेतल्या एका माणसापुरता 'अंतराळातील टाहो' मंजूर संहितेबरहुकूम सुरू होता आणि मी वचन मोडत नव्हतो, कारण कुजबुज म्हणजे काही बोलणं नव्हे.

तिपायीचं यान उडालं. नेमकं त्याच वेळी आमच्या डोक्यावरून एक विमान उतरायला गेलं आणि सगळं गावठाण मान वर करून परत खाली पाहू लागलं. मी पान उलटून स्वगताला हात घातला. "हे विराट शून्या..." मी म्हणालो. हवालदारांचं बोट हललं नाही. मी पुन्हा म्हणालो, "हे विराट शून्या..."

"ओ, गप बसा ना जरा," हवालदार पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "बघू द्या."

कायद्यानेच सांगितल्यावर माझा इलाज नव्हता. मी गप्प बसलो आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न बोलता समोर पाहिलं.

टेकडीवरचा भोंगा बुडबुडे सोडत होता. सोडताना तो आधी जरा मागे रेलायचा, मग पोट पुढे काढायचा, मग एक बाजू उचलायचा, एक हात खिशात घातल्यासारखा. मी हे कुठेतरी पाहिलं होतं. लग्नाच्या व्हिडिओंत पाहिलं होतं. प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत.

माझ्या रांगेत चणे चावणं थांबलं. मागून फ्लेविया आंटीचा श्वास ऐकू आला. मी वळून पाहिलं तर ती पडद्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. शेर्विनही पाहत होता. दर्शना तोंडावर पदर धरून पाहत होती. एकेक करून सगळ्या खुर्च्या माझ्या दिशेने कुरकुरल्या. हवालदारांनी मांडीवरच्या कागदातलं भोंगासुराचं वर्णन वाचलं आणि मला नखशिखान्त निरखलं. माझ्या हाताने मी स्वतःला असुर ठरवलं होतं, शिक्क्यानिशी, आणि वर स्टुलावर चढून त्याचं काम केलं होतं. इतका अपमान माझा कोणत्याही मांडवात झाला नव्हता. उठून निघून जावं असं वाटलं. पण सिनेमा पुढे चालला होता आणि हा भाग मी कधी पाहिला नव्हता.

तिपायी फार लांब पोचला होता. तिथे काही नव्हतं, नुसता काळोख आणि तो. संगीतही हळूहळू विरत गेलं, ढुम् नाही, ट्यँव नाही. तिपायीने यानाच्या कोपऱ्यातून एक लहान डबी काढली. उघडली. आत एक बुडबुडा होता, त्या हजारांतला एक, जपून आणलेला. तो वर आला आणि सगळं यान उजळलं. तिपायी त्याच्या उजेडात पाय दुमडून बसला आणि थोड्या वेळाने झोपी गेला.

पडदा काळा झाला. नावं आली नाहीत, त्यात शब्द येतात म्हणून असेल. त्यामुळे संपला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. क्रुसापुढे सगळं गावठाण बसलं होतं आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. मीही नाही. माझ्या वाट्याचे चणे मांडीवर तसेच पडले होते.

ॲन्ड्रिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"डॅडी, संपला. आता बोललास तरी चालेल."

शेर्विनने माझ्या हातात माइक दिला. सगळे वाट पाहू लागले. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मी माइक शेर्विनला परत दिला. कोणीतरी मागे चिंतेने तेरेसाला काहीतरी विचारलं.

जन्मल्यापासून या मुलीला मी किती काय काय सांगितलं असेल. शाळेत सोडताना, ताप आला असताना, तिला नको असताना, ती झोपली आहे हे न बघता. त्यातलं एक तिने ठेवलं होतं. मी खाली वाकून हळूच विचारलं, "कुठलं?"

तिला बरोबर कळलं. ती हसली, मग नाक पुसलं.

"नाही सांगणार."

"अगं, एवढं सांग. मंगळवारी तू जाणार."

"नाही. सांगितलं तर तू तेच लग्नालग्नात बोलत सुटशील."

खोटं कशाला सांगू, सुटलोच असतो.